जिन्यातली भेग

बोरिवली (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२५

ती. रुक्मिणीआत्या,
गंधालीचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस. गावाला सगळे बरे आहेत, मीही बरी आहे. आमच्या कॉलेजात या सत्राला अमूर्त फोटोग्राफी आहे. म्हणजे फोटो असा काढायचा की वस्तू कोणती ते कळूच नये, नुसता आकार, रंग आणि उजेड उरावा. सुबोध सर म्हणाले, असे दहा फोटो काढा, कागदावर छापा आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा एका माणसाला पोस्टाने पाठवा. खाली नाव लिहायचं नाही. त्या माणसाने काय दिसलं ते हाताने लिहून कळवायचं. फोनवर फोटोंबद्दल अवाक्षर नाही. वीस जानेवारीला फोटो आणि पत्रं जमा.

सरांनी विचारलं, "असा माणूस कोणाकडे आहे?" वर्गात पहिला हात माझा! रागावू नकोस ना.

रोज कॅमेरा घेऊन भटकते. घाटकोपर झालं, मालाड चालू आहे. पाय तुटतात, पण झकास वाटतं. बाबांना यातलं सांगू नकोस. त्यांचं एकच वाक्य, "एक जरी भानगड झाली तर पुढच्या एसटीने घरी." मला दोन वर्षं पूर्ण करायचीत, आत्या. काहीही झालं तरी.

पहिला फोटो सोबत आहे. काकांना नमस्कार.

तुझी गंधाली

*

मुलुंड (पूर्व)
१५ नोव्हेंबर २०२५

चि. गंधाली,
आत्याचा आशीर्वाद.

तुझंच पाकीट उसवून, उलटं करून, भाताची चार शितं लावून चिकटवलंय. कागद चांगला होता.

ओ की ठो कळत नाही म्हणून माझं नाव दिलंस, उपकार झाले. दहावी पास आहे गं मी, आणि ती पहिल्या फटक्यात. तुझा बाप दुसऱ्या खेपेला सुटला, विचार त्याला.

फोटो चष्मा पुसून बघितला. नद्यांच्या नकाशासारखा वाटतो, पण ती भिंत आहे. गिलावा फुगून सुटलाय, कडेला चुन्याचे पापुद्रे आलेत. बाहेरची, ऊन खाल्लेली भिंत. आणि तू ज्यावर भुललीस ती काळी रेघ भेग नव्हे, पावसाच्या पाण्याचा ओघळ आहे. भेग हवी असेल तर जिन्यात जा. बाहेरून इमारती रंग लावून बसतात, जिन्यात कोण बघतंय? आमच्याच जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक आहे, तिच्यात माझी करंगळी जाते. आधी नखच जायचं.

ह्यांना फोटो दाखवला तर ह्यांनी मान फिरवली. पक्षाघाताला येत्या माघात दोन वर्षं होतील. बोलणं हो आणि नको एवढंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, ती मी वहीत लिहून ठेवते, नाहीतर माझाच गोंधळ होतो. डाव्या कुशीवर कण्हतात, उजवीवर शांत असतात. डावा खांदा दुखत असावा. तेल लावते, फरक नाही. देवाच्या मनात असेल तसं.

जूनमध्ये तुझी खोली लावायला आले होते तेव्हा तुझे बाबा ह्यांच्यापाशी बसले होते. त्यानंतर मी इमारतीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. दूध, भाजी, औषधं सगळं वर येतं. त्यामुळे तुझा फोटो निवांत बघून झाला. इथे नवं बघायला तेवढंच होतं.

खिडकीच्या गजाला रवळनाथाचा दोरा बांधलाय तो सोडू नकोस. सात गाठी नाम घेत मारल्यात. चौथीनंतर तुझ्या घरमालकिणीने हाक मारली म्हणून मध्ये वीतभर अंतर पडलं, तेवढं देव सांभाळून घेईल.

तुझी आत्या

*

बोरिवली (पूर्व)
२ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला, सॉरी. खूप काम आहे. तू सांगितलंस तशी जिन्यात गेले होते. छान झालं.

सध्या तर पायाला भिंगरी आहे. गोवंडीला कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला गेले, तिथले रंग काय सांगू! परवा मुलुंडलाही होते, पण उजेड जाईल म्हणून घाई होती, वर यायला जमलं नाही. पुढच्या वेळी नक्की.

दुसरा आणि तिसरा फोटो पाठवतेय. कॉलेजचा छोटा प्रिंटर मागच्या महिन्यातच खोलीवर आणलाय, त्यामुळे सोपं पडतं. बाबांचा फोन आला तर सांग, गंधाली मजेत आहे.

तुझी गंधाली

*

मुलुंड (पूर्व)
५ डिसेंबर २०२५

चि. गंधाली,
आशीर्वाद.

मुलुंडला येऊन वर आली नाहीस. वाचून पत्र तसंच ठेवून दिलं. काल मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता, कलश मांडला, कहाणी वाचली, तरी मन तिथेच. शेवटी देवीसमोर म्हटलं, पोर कामात असेल, आपण कोण रुसणार? तीन जिने चढायला पाच मिनिटं लागतात, एवढंच लिहून सोडून देते.

आता तुझे फोटो. दुसरा बघून शेजारची मीरा म्हणाली, "वहिनी, हा चंद्र दिसतोय." मी म्हटलं, "कसला चंद्र, कपातला चहा आहे हा." कडेने राखाडी, मध्ये हिरवट, आणि साय वाळून तडकलेली. एक-दोन दिवसांत असं होत नाही गं, थंडीच्या दिवसांत सहा तरी लागतात. गोवंडीला कप घेऊन फिरतेस होय? तिसरा म्हणजे बादलीच्या तळाला साबणाचं पाणी आटून धरलेली पुटं. बादली आठवडाभर हलवली नसणार.

गंधाली, कलेच्या नावाखाली एवढा आळस बरा नव्हे. घासायला काय लागतं, चिमूटभर राख आणि मनगट. मीरा हसून हसून खाली बसली. म्हणते, "तुमच्यासमोर फोटो ठेवायचा म्हणजे पोलीस तपास!"

जिन्यातला फोटो मात्र पाठवला नाहीस. त्याचीच वाट बघत होते.

तुझी आत्या

*

बोरिवली (पूर्व)
१६ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

कप घासला. बादली घासली. जिन्यातला फोटो चांगला आला नाही.

चार, पाच, सहा पाठवतेय. जरा कमी ओळख ना यार. सगळंच ओळखलंस तर ते अमूर्त कसलं?

कॉलेज चालू आहे. मी ठीक.

गंधाली

*

मुलुंड (पूर्व)
२० डिसेंबर २०२५

चि. गंधाली,

आज गंमत नाही. सरळ लिहिते, तूही सरळ उत्तर दे.

सहाही फोटो ह्यांच्या पलंगावर ओळीने लावले. चौथ्यात पांढऱ्यावर करड्या धुळीचा गोल आहे, तो पंख्यामुळे छतावर उठतो. कडेने एक अंधूक आडवी सावली गेलीय. पाचव्यात निळ्या लाटा आहेत. ती माझी जुनी चादर. उशाकडची कड फाटली होती म्हणून मी उलटी करून शिवली, तो टाका फोटोत आलाय. सहाव्यात भिंतीवर उन्हाचे पट्टे, आणि त्यांच्यावरून तिरकी गेलेली एक रेघ, मण्यांसारखी गाठाळ. मी मोजल्या. चार, मग मोकळी जागा, मग तीन.

तो रवळनाथाचा दोरा आहे.

मग चौथा पुन्हा बघितला. ती आडवी सावली त्याच दोऱ्याची. सकाळचं ऊन खालच्या पत्र्यावरून उसळून छतावर गेलं तेव्हा तू खोलीत होतीस आणि ते भिंतीवर उतरलं तेव्हाही तिथेच होतीस. चहा सहा दिवसांचा. बादली कोरडी. म्हणजे तू आंघोळही करत नव्हतीस.

तू गोवंडीला गेली नाहीस. मुलुंडलाही आली नव्हतीस. मी फुकट रुसले.

मला हे कसं कळतं विचारशील. तुझ्या सरांना जे शिकवून येतं ते मला राहून आलंय. आमच्या छतावरचे डाग मला पाठ आहेत. दुपारी सव्वातीनला ऊन ह्यांच्या औषधांच्या डब्यावर येतं आणि चाराला कपाटाच्या कडीवर जातं. जो माणूस खोलीत अडकतो तोच असं बघतो. बाहेर फिरणाऱ्याला वेळ कुठे असतो?

खोलीबाहेर शेवटची कधी गेली होतीस? बाबांना मी काहीही सांगितलेलं नाही. पण उत्तर आलं नाही तर मला सांगावं लागेल.

आत्या

*

बोरिवली (पूर्व)
२७ डिसेंबर २०२५

आत्या,

वीस नोव्हेंबरला.

मालाडला त्याच इमारतीत गेले होते, पहिल्या फोटोतल्या. चार मजली, जुनी. जिन्यात खरंच भेग होती, तू म्हणालीस तशी, आत अंधार आणि कडेला कोणीतरी सिमेंट थापलेलं. मी गुडघ्यावर बसून काढत होते. तिसऱ्या मजल्यावरून एक माणूस आला. "काय गं, कोणाची माणूस तू?" मी म्हटलं, कॉलेजची. "कुठलं कॉलेज भेगांचे फोटो काढायला शिकवतं?" आणि मग ओरडलाच, "बिल्डरची पोरगी आलीय रे, सर्व्हेला!"

पाच मिनिटांत जिना भरला. त्यांच्या इमारतीला धोकादायक ठरवायचं चाललंय म्हणे. पुरावा जमला की सगळ्यांना बाहेर काढणार आणि नवीन घर कधी मिळेल त्याचा पत्ता नाही. मी ओळखपत्र दाखवलं तर एक बाई म्हणाली, "असली कार्डं नाक्यावर छापून मिळतात." ओढाताणीत कॅमेरा पायरीवर आपटला, लेन्स फुटली. आता पाठवतेय ते फोटो मोबाइलचे आहेत.

कोणी मारलं नाही. सोसायटीच्या ऑफिसात दोन तास बसवून ठेवलं, सगळे फोटो पुसायला लावले. एका म्हाताऱ्या बाईने माझं मनगट धरलं होतं. दोन तास सोडलंच नाही. रागाने नाही गं, पडू नये म्हणून कठडा धरतात ना, तसं. निघताना म्हणाली, "बाय, आमची भेग कोणाला दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाले. जिन्यापर्यंत गेले आणि मनगट गार पडलं. परत आले. रोज निघते. एकदा दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले होते. डबा देणाऱ्या मावशी पत्रं पोस्टात टाकतात. कॉलेजला कळवलंय की मला कावीळ झालीय.

फोटो खोलीतले आहेत हे सरांना कळणार नाही असं वाटलं. तुलाही कळू नये म्हणूनच तर एवढ्या जवळून काढले.

हे तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस, म्हणून लिहीत नव्हते. बाबांना सांगू नकोस. ते न्यायला येतील आणि मी जाईन. मला तीच भीती वाटते, की मी मुकाट जाईन.

गंधाली

*

मुलुंड (पूर्व)
१ जानेवारी २०२६

चि. गंधाली,
आशीर्वाद.

जिन्यात जा असं मीच लिहिलं होतं. ते खोडता येत नाही.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, तुला सांगते. मागच्या वर्षी आमची इमारत तपासायला दोन माणसं येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी जिन्यात गेले आणि त्या भेगेवर गणपतीचं कॅलेंडर टांगलं. खिळा ठोकताना तीनदा क्षमा मागितली. माणसं आली, एकाने कॅलेंडरला हात जोडले आणि खाली उतरला. इमारत रिकामी करा म्हणाले तर ह्यांना घेऊन मी कुठे जाऊ? तीन जिने खुर्चीतून उतरवायला चार माणसं लागतात. म्हणून भेग बघायला रोज करंगळी घालते आणि तोंड मिटून घरात येते. त्या म्हातारीच्या जागी मी असते तर तुझं मनगट मीही सोडलं नसतं.

तिचं घर तिला जेवढं राखायचंय तेवढाच तुझा दाराबाहेरचा पाय मला राखायचाय.

काल मीराला हाक मारली. दोन वर्षांत कधी मागितलं नव्हतं. म्हटलं, मंगळवारी ह्यांच्यापाशी बसशील का, संध्याकाळी चारपर्यंत? ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, दोन वर्षं मी रोज तुमच्या दाराशी येऊन विचारते, काही हवंय का. तुम्ही म्हणता, कोथिंबीर आहे. मी काय कोथिंबिरीसाठी येत होते?" मग तिला वही दाखवली, डावी, उजवी. म्हणाली, "शाळेत शिक्षिका आहे मी, वेळापत्रक कळतं मला. मंगळवारी रजा टाकते."

तर सहा तारखेला अंगारकी आहे, त्या दिवशी येते. लिंक रोडच्या बसने. पण नीट वाच. मी वर येणार नाही. खाली फाटकाशी उभी राहीन, रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे तुला कोणी टक लावून बघतंय असं वाटायला नको. अकराला पोचेन आणि एकला निघेन. चारनंतरची कूस चुकवता येत नाही. जिने तुझे तू उतरायचे. जमलं नाही तर पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन. उपास आहे, तेव्हा खायला काही करू नकोस.

आत्या

*

बोरिवली (पूर्व)
१० जानेवारी २०२६

ती. आत्या,

तू पोचलीस का नीट, ते फोनवर कळलंच. तरी लिहायला बसले.

खिडकीतून मी तुला अकराला पाच कमी असतानाच बघितलं होतं. तू पिशवी दोन्ही हातांत धरून उभी होतीस. वॉचमनने खुर्ची आणून दिली तर तू त्याच्याशी काहीतरी बोललीस आणि खुर्ची तशीच राहिली. मी साडेअकराला उतरले आणि परत गेले. बाराला पुन्हा. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा एकला वीस मिनिटं होती. तू एकदाही मागे वळली नाहीस. इतका राग आला ना तुझा! वाटलं, ही खरंच एकला निघून जाईल.

मग आलेच.

त्या वीस मिनिटांत आपण नाक्यापर्यंत गेलो, तू शहाळं मला पाजलंस आणि मलई खरवडून स्वतः खाल्लीस, उपासाला चालते म्हणून. तेवढंच. बस सुटल्यावर परत एकटीने येताना मनगट गारच होतं. पण आले. काल कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत नाही गेले अजून.

उरलेले चार पाठवतेय. सात, आठ, नऊ बाहेरचे आहेत, तू ओळखशीलच. दहावा ओळखून दाखव.

गंधाली

*

मुलुंड (पूर्व)
१६ जानेवारी २०२६

चि. गंधाली,
आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल.

सातवा म्हणजे शहाळ्याची तासलेली बाजू. आठवा रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाची नक्षी, वर कोणाच्यातरी चपलेचा चिखल. नववा बसच्या काचेवर डोकं टेकून टेकून उठलेला तेलाचा डाग, तो बाहेरून काढलायस. म्हणजे बस सुटेपर्यंत तू तिथेच उभी होतीस. मला वाटलं होतं लगेच वळली असशील.

दहावा मला ओळखू आला नाही.

तीन दिवस बघतेय. मातकट हिरवा रंग आहे. मधोमध खाली उतरत गेलेला ओला, गडद डाग. वरच्या बाजूला करड्या तारांचा गुंता. उजवीकडे हिरव्यावर एक टाका काळ्या दोऱ्याचा, कोणीतरी अंधारात शिवल्यासारखा. आधी वाटलं शेवाळ धरलेली पायरी. मग वाटलं डोंगर. मीराला विचारलं, तर ती हसायला लागली आणि म्हणे, "मी नाही सांगणार, वहिनी." म्हणजे तिलाही कळलं. एवढ्या वर्षांत घरातली वस्तू मला ओळखू आली नाही असं झालेलं नाही. चिडले.

आज दुपारी ह्यांना भरवताना फोटो पलंगावर पडला होता. घास तोंडाशी नेला तर ह्यांचं तोंड बंद. बघितलं तर फोटोकडे टक लावलेली. मी म्हटलं, "काय, फणस आहे का?" तुझे आधीचे नऊ दाखवले तेव्हा दर वेळी मान फिरवली होती. ह्या वेळी हात उचलला, धड आहे तो, आणि बोट फोटोवर ठेवलं. मग माझ्याकडे केलं.

"तू," म्हणाले.

दोन वर्षांत हो आणि नको सोडून तिसरा शब्द.

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" तर पुन्हा बोट. "पाठ."

हिरवा ब्लाउज काढून आणला. मागे काळ्या दोऱ्याचा टाका आहे. हिरवा दोरा संपला होता, मागे कोण बघतंय म्हणून काळ्याने घेतला होता.

गंधाली, मग मी वही काढली आणि उगाच मागची पानं चाळत बसले. उजव्या कुशीवर शांत, उजव्या कुशीवर शांत. पलंग असा आहे की डावीवर भिंत येते आणि उजवीवर स्वयंपाकघर. ओट्याशी मी असते, ह्यांच्याकडे पाठ करून. खांद्याला बिचारं तेल फुकट जात होतं.

तर तुझ्या सरांसाठी माझं उत्तर असं लिही: दहाव्यात काय आहे ते आत्याला ओळखता आलं नाही, काकांना आलं. मार्क देतील तेवढे देतील.

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. वीस तारखेला जमा करायचं ना? मग रविवारी येऊन घेऊन जा. तीन जिने आहेत. दुसऱ्या मजल्यानंतर डाव्या हाताला गणपतीचं कॅलेंडर दिसेल, मागच्या वर्षीचं. काढलेलं नाही. तिथे थांबायचं असेल तर थांब, नाहीतर सरळ वर ये. दार उघडंच ठेवते.

मीराचे मालक संध्याकाळी घरी येतात. त्यांना बोलावलंय. दोघांनी धरला तर पलंग फिरेल, पायथा ओट्याकडे आला की दोन्ही कुशींवरून दिसेल. आता सहा वाजले, वहीप्रमाणे डावी कूस आहे. पलंग फिरेपर्यंत मी भिंतीच्या बाजूला पाट टाकून तांदूळ निवडत बसते.

तुझी आत्या